येळवशीचा सूर

नीलम्माला गाण्यापेक्षा गाण्याआधीचं सूर लावणं जास्त आवडायचं. ऐकणाऱ्याला वाटेल, ही काय आवड झाली? जेवणापेक्षा पाट मांडणं आवडतं म्हणण्यासारखं झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मला तिच्याशी लग्न करायचं होतं, म्हणून मी मान डोलावली.

मी बसवराज. नळदुर्गच्या पेठेत माझं शिलाईचं दुकान होतं आणि सोमवारच्या शिवभजनात मी तबला वाजवायचो. दिवसभर पायाखाली मशीन आणि संध्याकाळी हाताखाली तबला, त्यामुळे अंगाचा कुठला ना कुठला भाग ठेका धरूनच असायचा. गिऱ्हाइकाचं माप घेताना मी त्याच्या पाठीवर त्रिताल वाजवतो अशी गावात तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. जेवताना ताटावर, एस.टी.ची वाट बघताना खांबावर, मयताला गेलो तर स्वतःच्या गुडघ्यावर माझी बोटं चालायचीच. आई म्हणायची, "ह्येला पाळण्यातसुदिक कवा गप पडल्याला बघितला न्हाय." गाव मला चुळबुळ्या बसू म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही.

नीलम्मा ही महालिंगप्पा आडत्यांची मुलगी. निजामाचं राज्य असताना ती हैदराबादला मामाकडे शिकायला राहिली, तिथंच शेजारच्या एका वयस्कर बाईंकडे दिलरुबा, म्हणजे गजानं वाजवायचं तंतुवाद्य, शिकली. राज्य गेलं, मामाचं बिऱ्हाड मोडलं, आणि ही दिलरुबा घेऊन नळदुर्गला परत आली. मी सांगतोय तो काळ त्यानंतरचा, आम्ही मुंबई राज्यात जाऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाचा. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. रस्त्यानं जाताना कुणाकडे बघायची नाही, पण कुणी चुकीच्या सुरात भाजी विकत असला तर थांबायची.

तिला बघायला लातूरचं एक स्थळ आलं होतं. त्यांनी हौसेनं सांगितलं, "मुलगी दिलरुबा वाजवती म्हणं, ऐकू द्या की." नीलम्मानं दिलरुबा मांडीवर घेतला आणि खुंट्या पिळायला लागली. एक तार लावली, तिच्यावर गज ओढत बसली. मग दुसरी लावली, तिच्यावर गज ओढत बसली. पोहे आले, संपले. चहा आला, गार झाला. शेवटी मुलाचा काका म्हणाला, "आता वाजवा की." ती म्हणाली, "वाजवतेच आहे की." ती मंडळी पुढच्या गाडीनं लातूरला गेली, आणि पेठेत ही गोष्ट पुढं कित्येक दिवस मीठमसाला लावून फिरत राहिली. मला मात्र ती ऐकून इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

मग माझ्या आत्यानं आमच्याकडचा विषय काढला. अप्पांनी, म्हणजे महालिंगप्पांनी, नीट ऐकून घेतलं. ते भजनात पेटी वाजवायचे, मी तबल्यावर, त्यामुळे आमची बैठक जुनी होती. म्हणाले, "पोरगं गुणी हाय. हातात कला हाय. पर त्येचं बूड एका जागी टिकंना, त्येचं काय करायचं? नीलम्माला इचारतो." आत्यानं हे मला जसंच्या तसं सांगितलं, शिवाय वर स्वतःचं एक वाक्य जोडलं: "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. जरा दम धर." मी दम धरला. धरताना तिच्याच पितळेच्या डब्यावर बोटं वाजवत होतो.

नीलम्मानं व्हय म्हटलं नाही, न्हाय म्हटलं नाही. रविवारी तबला घेऊन आडतीवर या, एवढाच निरोप आला.

आडतीच्या मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना टेकून अप्पा पेटी घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारी गोपाळकृष्ण गुरुजी, पायाच्या घोट्यावर व्हायोलिनचं डोकं टेकवून. गुरुजी निजामाच्या काळात उर्दूतून गणित शिकवायचे आणि आता मराठीतून शिकवत होते, पण वजाबाकीला अजून तफरीकच म्हणत. पोरंही मग पेपरात तफरीक लिहीत. नीलम्मा समोर दिलरुबा घेऊन बसलेली. मी तबला मांडला, हातोडी काढली, तबला पेटीला मिळवून घेतला आणि विचारलं, "कुठलं गाणं, बाई?" ती शाळेत शिकवायची म्हणून सगळे तिला बाईच म्हणत.

"गाणं नाही," ती म्हणाली. "अप्पा सा धरतील. धरला की सोडायचा नाही. मग बऱ्याच वेळानं मी पंचम लावीन. मग आणखी बऱ्याच वेळानं गुरुजी कोमल रिषभ लावतील, अगदी सा ला खेटून. आणि तिथून हळूहळू सरकत सा वर यायचं."

"कितना आहिस्ता?" गुरुजींनी विचारलं.

"भात शिजायला ठेवलाय असं समजा. मधे झाकण काढून बघायचं नाही."

गुरुजींना ते पटलं. मला काही पटलं नव्हतं. "आणि त्याच्यापुढं?"

"पुढं काही नाही. एवढंच."

"ठेका?"

"ठेका नाही."

"मग मी कशाला?"

"तुमची एक थाप आहे."

"एक आवर्तन?"

"एक थाप."

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा पेटीच्या भात्यावरची धूळ पुसत होते. ती धूळ बहुधा नव्हतीच. मी म्हणालो, "बरं. एक तर एक. कधी मारायची?"

नीलम्मानं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "आपल्याकडं सूर लावत असले की लोक काय करतात? बोलतात, पान जुळवतात, पोरांना दटावतात. गाणं सुरू व्हायची वाट बघतात. तबल्यावर थाप पडली की गप होतात. होय ना?"

"व्हय."

"तर ते वाट बघायचं सोडतील तेव्हा थाप मारायची. एक माणूस जरी वाट बघत असला तरी नाही. तोवर हात मांडीवर."

"आणि त्यांनी वाट बघायचं सोडलंच नाही तर?"

"तर हात मांडीवरच."

अप्पा खाकरले. पेटीकडंच बघत म्हणाले, "आन् ह्ये जमलं, तर त्या दुसऱ्या गोष्टीचं बघू म्हणती ती." नीलम्मानं एक खुंटी उगाचच पिळली. माझी बोटं त्या क्षणी तबल्यावर नव्हती म्हणून बरं, नाहीतर तिथंच सगळं संपलं असतं.

म्हणजे सगळं आयुष्य एका थापेवर आलं होतं, आणि ती थाप मारण्यापेक्षा न मारणंच मोठं काम होतं. मी घरी गेलो आणि गप बसण्याचा रियाज सुरू केला. दुकानात मशीन सोडून हातशिलाई करायला लागलो. पंगतीत हात मांडीखाली दाबून बसायला लागलो. आईनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. शेजारणीला सांगत होती, "पोराला कायतरी बाधलंय. बोटं हलंना त्येची." गिऱ्हाइकंही घाबरली. एकानं तर पाठीवर त्रिताल वाजला नाही म्हणून माप नीट घेतलं का अशी शंका काढली.

तालमी मात्र बऱ्या होत होत्या, कारण तिथं ऐकायला कुणी नव्हतं, म्हणजे वाट बघायलाही कुणी नव्हतं. मी थाप मारायची ती आपली अंदाजे. नीलम्मा दर वेळी म्हणायची, "लवकर झाली." मी दुसऱ्या वेळी आणखी थांबायचो. ती म्हणायची, "लवकर." खरं सांगतो, मला तिचा राग यायचा. उंदीर पोतं कुरतडताना ऐकू येईल इतकं आम्ही ते लांबवलं होतं, आणखी किती थांबायचं?

हे लोकांपुढं कुठं वाजवायचं, ते तिनंच ठरवलं. शाळेच्या संमेलनात नको, देवळात नको. "येळवशीला," ती म्हणाली. "आमच्या शेतात. सगळी माणसं येतात, सगळ्यांची पोटं भरलेली असतात आणि कुणाला कुठं जायची घाई नसते." मुलगी आडत्याची होती, गिऱ्हाईक ओळखायची.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रं सापडत नाही. सगळं गाव शेतात. अप्पांचं शेत बोरी नदीच्या काठाला. कडब्याची कोप उभी केली होती, तिच्यात पाच दगडांना चुना लावून, त्यांचे पांडव मांडून पूजा झाली होती, 'वलगे वलगे' करत अप्पा शेताला फेरी मारून आंबील शिंपडून आले होते. आणि मग जेवणं. भज्जी, म्हणजे पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची घट्ट भाजी, बाजरीचे उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या, वरून मडक्यातली गार आंबील. येळवशीला पोट भरलं म्हणून कुणी थांबत नाही. वाढणारा दमला की थांबतात. शेजारच्या शेतांतली माणसंही रिवाजाप्रमाणं येऊन जेवून जात होती, आणि तबला-पेटी दिसल्यावर जायची ती बसून राहिली. बाभळीखाली, बांधावर, कोपीच्या सावलीला चांगली जत्रा जमली. पोरं बोरं गोळा करत होती. ज्वारी डोक्याएवढी झाली होती.

सगळ्यात पुढं कडूबाई येऊन बसली. ती आडतीत धान्य निवडायची, आणि धान्यातले खडे जसे काढायची तसे माणसांतलेही. तिच्या तोंडाला गाव दबकून असायचं. पदरात भुईमुगाच्या शेंगा घेऊन ती मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हं. होऊ द्या."

अप्पांनी सा धरला.

थोडा वेळ कुणाचंच लक्ष नव्हतं. बरोबरच होतं, पेटीवाला सा धरतो तेव्हा कुणी लक्ष देतं का? जेवण कसं झालं, कुणाच्या घरची भज्जी आंबट झाली, उमरग्याच्या बाजारात तुरीचं काय चाललंय, असं सगळं चालू होतं. मग नीलम्मानं पंचम लावला. गज इकडून तिकडं जायचा आणि तिकडून इकडं यायचा. मधे कुठं सांधा ऐकू यायचा नाही. कुणीतरी म्हणालं, "लागला सूर. आता गुरुजींचं व्हायचं ऱ्हायलं."

गुरुजींनी कोमल रिषभ लावला. सा ला खेटून. ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही दातात खडा आल्यासारखं झालं असेल.

"लागंना व्हय गुरुजी?" बांधावरून एकानं मायेनं विचारलं. "खाली घ्या जरा! खाली!"

"पेटीच फुटली आसंल," दुसरा म्हणाला. "गुदस्ता भात्यात उंदीर शिरला व्हता अप्पांच्या."

गुरुजी डोळे मिटून बसले. त्यांचं बोट तारेवर केसभरानं सुद्धा सरकत नव्हतं असं वाटत होतं, पण सरकत होतं. अप्पांचा भाता चालू. नीलम्माच्या कपाळावर एक आठी नाही. आणि सगळी माणसं आता माझ्याकडं बघायला लागली. साहजिक होतं, चुळबुळ्या बसू तबल्यापुढं बसलाय आणि त्याचे हात मांडीवर आहेत, हे नळदुर्गात कुणी बघितलंच नव्हतं.

"आरं बसू, हातुडी घे की. तुझाच उतरलाय का बघ."

मी हललो नाही.

"आरं तुला म्हनतीय मी!" हे कडूबाईचं. शेंग फोडत ती म्हणाली, "ती तिघंबी कवापास्नं सूर लावाय लागलीत. तू ठोक की एकदा. सूर लागंना म्हून तर थांबल्यात. ह्यो गडी नुसता बसलाय देवासारखा!"

मला आतून इतकी खाज सुटली होती म्हणून सांगू. तबल्याला काही झालं नव्हतं. मी घरून निघताना मिळवून आणला होता, इथं आल्यावर परत बघितला होता. तोंड उघडून एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तोंड उघडलं असतं तर हातही उघडले असते, हे मला माहीत होतं. माझ्या अंगाचे सगळे भाग एकमेकांना बांधलेले आहेत.

आणि तेवढ्यात सिद्रामप्पा उठला.

सिद्रामप्पा म्हणजे शेजारच्या शेताचा मालक. मन लोण्यासारखं, मदत केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही. जत्रेत लेझमीपुढं तो हलगी वाजवायचा. आणि हलगीवाल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते: चामडं उतरलं की त्याला शेक द्यायचा. तो माझ्यापुढं आला, माझ्याकडं बघून 'असू दे, मी बघतो' अशी मान हलवली, डग्गा तिथंच ठेवून माझा तबला दोन्ही हातांनी उचलला, आणि भज्जी जिथं शिजली होती त्या विस्तवाकडं घेऊन निघाला.

तबला! हलगी नव्हे, तबला! ज्याच्यावर शाईचा काळा गोल असतो, जो उन्हात ठेवला तरी उकलतो! मिरजेहून आणलेला, मी ज्याला थंडीत स्वतःच्या शालीत गुंडाळून ठेवायचो! सिद्रामप्पानं गोवऱ्या हलवल्या, त्यांच्यावर फुंकर मारली आणि माझा तबला पापड भाजावा तसा त्यांच्यावर धरला. अधूनमधून बोटानं टिचकी मारून बघत होता.

मी नीलम्माकडं बघितलं. तिनंही सगळं बघितलं होतं. तिचा गज थांबला नाही, पण ओठ घट्ट मिटलेले होते आणि खांदे थोडे हलत होते. ती हसू दाबत होती. ती माझ्याकडं बघत होती. आता हा उठणार, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं. अप्पांच्याही. अप्पा तर डोळ्यांनीच 'जा बाबा, जा' म्हणत होते, कारण तेही वादक होते.

मी उठलो नाही. का उठलो नाही ते आजही सांगता यायचं नाही. प्रेम म्हणा, हट्ट म्हणा. मी दोन्ही हात मांडीखाली घातले, वर सगळं वजन टाकलं, आणि मनात म्हणालो, जा रे बाबा तबल्या, तुझं-माझं एवढंच होतं. आणि एकदा तबला गेला असं धरल्यावर गंमत झाली. माझ्याकडं करण्यासारखं काही उरलंच नाही. मारायला तबलाच नाही, तर थाप कधी मारायची ही काळजी कशाला? त्या रविवारपासून पहिल्यांदा मी मोकळा झालो, आणि मोकळा झालो म्हणून ऐकायला लागलो.

तेव्हा मला ते ऐकू आलं.

अप्पांचा सा आणि गुरुजींचा रिषभ यांच्यामधे काहीतरी थरथरत होतं. ते कुणी वाजवत नव्हतं. दोन सूर एकमेकांना घासून ते आपोआप होत होतं. आधी नुसती घरघर वाटली होती, पण गुरुजींचं बोट जसजसं सा कडं सरकत होतं तसतशी ती घरघर सुटी होत होती, तिचे ठोके वेगळे वेगळे कळत होते. ठोके! मी ताठ झालो. ठेका नाही म्हणाली होती ना ही? हा काय होता मग? द्रुत लय होती ती, स्वच्छ. आणि गुरुजी आणखी सरकले तशी ती उतरायला लागली. द्रुतची मध्य झाली, मध्यची विलंबित. आडतीवरच्या सगळ्या तालमींत हे चालू असणार आणि मी गाढव थाप कधी मारायची याचा विचार करत बसलेलो असणार. या बाईनं आख्खं लयीचं गाणं केलं होतं आणि त्याला ठेका द्यायला मी लागत नव्हतो. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

सिद्रामप्पा मधे कधीतरी येऊन तबला माझ्यापुढं ठेवून गेला होता. मला तो दिसला, पण मी तिकडं पाहिलं नाही. गरम चामड्याचा वास येत होता.

लय उतरत गेली. आता एक ठोका यायचा आणि दुसऱ्याची चाहूल लागायला वेळ लागायचा. नदीवरून येणाऱ्या झुळकेनं ज्वारीची पानं हलायची ती त्याच्याच बरोबर हलतात असं वाटायला लागलं. मग आणखी उतरली. आणि मग दोन सुरांचा एक सूर झाला, आणि ते हलायचं थांबलं.

मी मान वर केली. कडूबाईच्या हातात एक शेंग होती. अर्धी फुटलेली. ती फोडायची राहून गेली होती. तिचं तोंड थोडं उघडं होतं आणि ती माझ्याकडं बघत नव्हती, पेटीकडं बघत नव्हती, कुणाकडंच बघत नव्हती. बांधावरचा तो 'खाली घ्या' म्हणणारा हनुवटी गुडघ्यावर टेकवून बसला होता. तुरीचा भाव सांगणारे गप होते. सिद्रामप्पा विस्तवापाशी उकिडवा, हातात काडी तशीच. पोरं बोरं खिशात घालून बसली होती. कुणीही वाट बघत नव्हतं. आणि माझ्या लक्षात आलं की इतका वेळ वाट बघणारा एकच माणूस उरला होता तो मी, आणि मीही कधीतरी सोडून दिलं होतं.

माझा हात वर गेला. तबल्याचा सूर शेकानं चढलेला होता. त्याच्यावर मारलं असतं तर सगळ्यांच्या सुरात विळा पडला असता. हे मला कळलं म्हणण्यापेक्षा हाताला कळलं. हात डाव्या बाजूला गेला, आणि मी डग्ग्यावर एक थाप मारली. खोल, भरलेली, पोटातून येणारी.

त्या थापेसरशी सगळं शेत जागं झालं. माणसं सावरून बसली, पदर नीट झाले, पोरांना जवळ ओढलं गेलं. "हां, झालं सुरू," कुणीतरी पुटपुटलं. आणि सगळे जण, बाभळीखालचे, बांधावरचे, कोपीजवळचे, कान देऊन एकदम गप झाले.

नीलम्मानं गज उचलला. अप्पांनी भाता मिटला. गुरुजींनी व्हायोलिन खाली घेतलं.

काहीही वाजलं नाही. आणि ते सगळ्यांनी ऐकलं. ज्वारीची पानं ऐकली, नदीचं पाणी ऐकलं, लांब सोलापूर-हैदराबादच्या रस्त्यावर एक ट्रक चढाला गिअर बदलत होता तोही ऐकला. मी नळदुर्गात जन्मलो, वाढलो, पण इतकी माणसं इतकी गप मी तेव्हाच बघितली.

मग अप्पा म्हणाले, "झालं."

"काय झालं?" बांधावरून विचारलं गेलं.

"संपलं."

"आवो, सुरू कुठं झालं?"

एकच गलका झाला. हसणारे हसले, रागावणारे रागावले. सिद्रामप्पा मला येऊन सांगायला लागला की त्यानं इतका छान शेक दिला आणि मी डग्गाच का वाजवला. त्या सगळ्यात कडूबाईनं हात वर केला. ती हात वर करायची तेव्हा आडतीतले हमालसुद्धा थांबत.

"गाणं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "गाणी लई ऐकलीत. ते आदीचं लावा की परत. ते सूर लावायचं. आत्ता कुठं माझा जीव टेकला व्हता, तवर ह्या मेल्यानं ठोकला ढोल."

नीलम्मानं तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. हैदराबादहून दिलरुबा उचलून आल्यापासून तिला कुणी 'परत लावा' म्हटलं नव्हतं.

"आन् एक सांगते, अप्पा," कडूबाई थांबेना. "ह्या बसूच्या आयशीला जमलं न्हाय, मास्तराला जमलं न्हाय, ते तुमच्या पोरीनं केलं. त्येचा तबला जाळला तरी बसला गप. आसा गडी हातनं परत सुटू देऊ नगासा."

सगळं शेत हसलं. मी खाली मान घालून गरम तबला चाचपत बसलो. शाईला एक बारीक तडा गेला होता. तो तबला आजही माझ्याकडं आहे आणि तो तडाही. अप्पा हसले नाहीत. ते मुलीकडं वळले आणि घरात बोलायचे तसं कानडीत, हळू, म्हणाले, "येनवा, नीलम्मा?" काय गं, एवढंच.

ती खाली वाकून पंचमाची तार बघत होती. मान वर न करता म्हणाली, "आयतु."

आयतु म्हणजे बरं, ठरलं. आमच्या सीमेवर हे शेंबड्या पोरालाही कळतं. कडूबाईला कळलं, तिनं लगेच शेंगा वाटायला काढल्या. सिद्रामप्पाला कळलं, त्यानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. गुरुजी म्हणाले, "मुबारक हो, मियाँ." मला मात्र वाटलं, ती परत वाजवायला तयार झाली एवढंच असेल. म्हणून मी घाईघाईनं हातोडी काढली आणि चढलेला तबला उतरवायला लागलो.

"राहू द्या," नीलम्मा म्हणाली. "बसा. आता कसली घाई आहे?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अप्पांनी परत सा धरला, आणि मी हातोडी खाली ठेवून बसलो.